संगणकाच्या वेगाला वेसण

पेणवरून येणारा रूळ रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचा आणि तिथून पुढे कोकण रेल्वेचा, हे आपल्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला. त्या रेल्वेची एक रीत तुम्ही पाहिली असेल. पावसाळा आला की तिचे वेळापत्रकच बदलते. बरीच वर्षे हे पावसाळी वेळापत्रक १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत चाले; २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे थोडे आवरते घेतले. या दिवसांत गाड्यांचा कमाल वेग उतरवतात, आणि पाऊस फारच झोडपू लागला तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये अशी चालकाला ताकीद असते. इंजिन तेच असते, त्याची ताकदही तीच असते. तरी प्रवासी काही ‘इंजिन बिघडले’ असे म्हणत नाहीत. डोंगर भिजलेला आहे, दरडीचा भरवसा नाही, म्हणून वेग आवरला आहे, हे सर्वांना समजते.

आता मी काही रेल्वेवर बोलणार नाही. बोलायचे आहे ते शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या आणि आता घराघरात आलेल्या संगणकाविषयी. त्याचाही कमाल वेग आपल्याला मुद्दाम खाली आणता येतो, आणि आपल्या हवेत काही वेळा तो आणावा, असे माझे मत आहे. पण संगणकाच्या बाबतीत लोकांना हा विचार रुचत नाही. पैसे मोजून वेगवान यंत्र आणायचे आणि मग त्याचाच वेग कमी करायचा, हा काय व्यवहार झाला? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच जरा मुळापासून पाहू.

संगणकाच्या पोटात प्रोसेसर नावाची एक चिप असते. सारी आकडेमोड तिथे चालते. ही आकडेमोड ठोक्यावर चालते. लेझीम पथकात हलगीच्या ठोक्यावर पावले पडतात, तशी. १९७१ साली इंटेल कंपनीचा ४००४ हा पहिला विक्रीचा मायक्रोप्रोसेसर आला, तेव्हा त्याचे ठोके सेकंदाला साडेसात लाखांच्या आतच होते. आज साध्या लॅपटॉपच्या खोक्यावर ‘चार गिगाहर्ट्झपर्यंत’ असे छापलेले असते. म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोके. यातला ‘पर्यंत’ हा शब्द मात्र नीट वाचावा. तो वेग यंत्र कायम देत नाही, थोडा वेळ देते. त्याचा रोजचा, टिकाऊ वेग बराच कमी असतो, आणि काम अंगावर आले की ते काही काळ उसळी मारून वर जाते. या उसळीला ‘टर्बो’ किंवा ‘बूस्ट’ म्हणतात.

या उसळीची किंमत उष्णतेत मोजावी लागते, आणि ती किंमत सरळ हिशेबाने वाढत नाही. हीच या विषयातली खरी गोम आहे.

चिपेत अब्जावधी बारीक कळी असतात. प्रत्येक कळ चालू-बंद होताना विजेचा एक सूक्ष्म हौद भरतो आणि रिकामा होतो, असे समजा. आता खऱ्या हौदाचे उदाहरण घ्या. नदीकाठी एक हौद आहे आणि पंपाने तो भरायचा आहे. पाण्याची पातळी दुप्पट करायची ठरवली, तर पाणी दुप्पट लागते, आणि ते सरासरीने दुप्पट उंचीवर चढवावेही लागते. म्हणजे मेहनत दुप्पट नव्हे, चौपट झाली. चिपेतल्या हौदाची पातळी म्हणजे विजेचा दाब, ज्याला आपण व्होल्टेज म्हणतो. तो वाढला की प्रत्येक ठोक्याला लागणारी वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मग दाब कमीच का ठेवू नये? तर ठोके जलद हवे असतील तर प्रत्येक हौद कमी वेळात भरायला हवा, आणि त्यासाठी दाब वाढवावाच लागतो. अशा रीतीने वेग वाढला की ठोके वाढतात ते एक, आणि प्रत्येक ठोक्याची किंमत वाढते ती वेगळी.

आता हाच हिशेब उलटा करा. समजा, चार अब्ज ठोक्यांवरून आपण तीन अब्ज वीस कोटींवर आलो. म्हणजे वेग पाचव्या हिश्शाने उतरला. दाबही तेवढाच उतरवता आला असे धरू. मग विजेचा खर्च ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१२ पट झाला. वेगातले रुपयामागे वीस पैसे सोडले आणि उष्णतेतले जवळजवळ पन्नास पैसे वाचले! हा हिशेब कागदावरचा आहे, बरे का. प्रत्यक्षात काही वीज चिपेतून नुसतीच झिरपत असते, ती ठोके कमी केल्याने तेवढी कमी होत नाही. आणि दाब एका मर्यादेखाली उतरवताच येत नाही. तिथून पुढे वेग कितीही कमी केला तरी प्रत्येक ठोक्यामागे बचत नाही, नुसता वेळ जातो. म्हणून वेग निम्म्यावर आणण्यात शहाणपण नाही. फायदा आहे तो वरच्या टोकाचा थोडासा भाग छाटण्यात.

गुरुजनांनी हा गुणाकार आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर जरूर करून दाखवावा. घन म्हणजे काय, हे मुलांना खोक्याच्या आकारमानापलीकडे सहसा कुठे भेटत नाही.

उष्णतेने माणसाला जशी हुडहुडी भरत नाही तशी चिपेलाही नाही; तिला भोवळ येते. बहुतेक चिपांच्या आत तापमान मोजण्याची सोय असते. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की चिप स्वतःच आपला वेग खाली खेचते. त्यानेही भागले नाही तर यंत्र सरळ बंद पडते. हे स्वसंरक्षण आहे. त्यामुळे आजची चिप जळून खाक होईल अशी भीती बाळगायचे कारण नाही. पण काम करणाऱ्याची फजिती होते ती होतेच.

आणि इथे आपली हवा मध्ये येते. चिपेचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक तिच्या कामाची उष्णता. हिशेबापुरते धरा की पूर्ण कामात एखादी चिप खोलीपेक्षा पंचावन्न अंशांनी जास्त तापते. जानेवारीच्या सकाळी खोलीत बावीस अंश असतील तर चिप सत्त्याहत्तरवर राहील, तक्रार नाही. तेच यंत्र एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली चाळीस अंशांत चालवा. चिप पंच्याण्णववर गेली. यंत्र बदलले नाही, काम बदलले नाही, पण ते कड्याच्या टोकाशी येऊन उभे राहिले. आपल्या जिल्ह्यातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी साडेसेहेचाळीस अंशांची नोंद झाली होती आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत ती गाजली होती. थंड देशांतल्या वातानुकूलित कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून केलेली यंत्रे आपण अशा उन्हाळ्यात चालवतो, हे विसरून चालत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. हमरापूरकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. घरी गणपतीचा कारखाना. त्याचा लॅपटॉप कारखान्यातच एका फळीवर असे. मागणीची नोंद त्याच्यावर, हिशेब त्याच्यावर, आणि मुलाचा अभ्यासही त्याच्यावर. मे महिन्यात प्रवेशाचा अर्ज भरायला बसला की अर्ध्यात यंत्र बंद पडे. एकदा नव्हे, तीनदा. एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले, तर उत्तर मिळाले, “मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या.” हंगामाच्या तोंडावर रंग-मातीचे पैसे अंगावर असताना नवा लॅपटॉप कुठून घेणार? अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. मुलगा रडकुंडीला आला होता.

आम्ही दोघांनी मिळून यंत्राची पाठ उघडली. आत पाहतो तो पंख्याच्या पात्यांवर पांढरे किटण! मूर्ती पॉलिश पेपरने घासताना प्लास्टरची जी धूळ उडते, ती पंख्याने आत ओढून घेतली होती. पंख्यापुढच्या तांब्याच्या बारीक जाळीची भोके तर लिंपल्यासारखी बंद झाली होती. हवा जाणार कुठून? रंगकामाचा मऊ ब्रश घेतला, पाती धरून ठेवून धूळ झाडली, आणि चिपेवरचा सुकून गेलेला लेप पुसून नवा लावला. यंत्र सुरू झाले, बंद पडेनासे झाले. तरी दुपारी ते कण्हतच होते. म्हणून मग त्याचा कमाल वेग बांधून दिला. अर्ज त्याच रात्री भरून झाला. लॅपटॉप अजून चालतो. फक्त आता तो कारखान्यात नसतो, माजघरात असतो.

हे सविस्तर सांगितले ते एवढ्यासाठी की आधी केरसुणी आणि मग वेसण, हा क्रम कोणी उलटा करू नये. धूळ तशीच ठेवून वेग बांधणे म्हणजे गोठ्यातला चिखल न काढता बैलाच्या खुराला मलम लावणे होय.

आता वेग बांधायचा कसा? विंडोज असलेल्या संगणकात कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ असते. तिथे चालू योजनेपुढच्या ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’वर जावे आणि मग ‘चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’वर. एक लांब यादी उघडते. तिच्यात ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ आणि त्याच्या पोटात ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ असा कप्पा सापडतो. तिथे शंभर टक्के लिहिलेले असते. ते नव्व्याण्णव करा. बॅटरीवर चालतानाचा आकडा वेगळा आणि वीज जोडलेली असतानाचा वेगळा असतो, तेव्हा दोन्हीकडे पाहा. तुम्ही म्हणाल, एका टक्क्याने काय होणार? गंमत इथेच आहे. बहुतेक यंत्रांत शंभरच्या खाली आले की उसळी मारण्याची परवानगीच संपते, आणि यंत्र आपल्या टिकाऊ वेगावर राहते. एक टक्का म्हणून जे लिहिले, ते प्रत्यक्षात बरेच मोठे असते. त्याने भागले नाही तर नव्वद, ऐंशी असे उतरत जावे. त्याच कप्प्यात ‘मिनिमम’ असाही एक आकडा असतो. तो पाचच्या आसपास राहू द्यावा. हौसेने कोणी तो शंभर करून ठेवला असेल, तर यंत्र रिकामे असतानाही धापा टाकत राहते. काही नव्या यंत्रांत हा कप्पा दिसत नाही. तिथे सेटिंग्जमधील ‘पॉवर मोड’ खालच्या पायरीवर आणणे हा त्यातल्या त्यात जवळचा उपाय. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘सीपीयूपॉवर’ या आज्ञेने कमाल ठोके थेट आकड्यात सांगता येतात.

वेग बांधल्यावर काम किती मागे पडते? जे काम चार मिनिटांत व्हायचे, ते पाचवा हिस्सा वेग कमी केल्यावर जास्तीत जास्त पाच मिनिटांत होईल. पण बहुतेक कामांत एवढाही फरक जाणवत नाही. पत्र टंकित करणे, गुणपत्रक भरणे, चित्रफीत दाखवणे यांत प्रोसेसर बहुतांश वेळ तुमची वाट पाहत बसलेला असतो. उलट बाजूने, तापलेल्या यंत्राचा वेग एकसारखा कमी राहत नाही. तो वरखाली होतो. दोन मिनिटे धावायचे, मग अडखळायचे, मग पुन्हा धावायचे. वर्गात पडद्यावर काही दाखवताना हे अडखळणे फार त्रासदायक होते. मुलांचे लक्ष एकदा उडाले की परत आणणे कठीण. त्यापेक्षा थोडा कमी पण एका लयीतला वेग मला बरा वाटतो. मात्र एक कबूल केले पाहिजे. ज्या यंत्राचा पंखा चांगला आहे, खोली गार आहे, आणि काम खरोखरच जड आहे, उदाहरणार्थ घराचे त्रिमितीय आराखडे काढणे किंवा लांब चित्रफीत जुळवणे, तिथे वेग बांधू नये. तिथे तो निव्वळ तोटा आहे.

रोह्याच्या मंडळींना यात नवीन काही वाटणार नाही. धाटावच्या वसाहतीत जे रसायनांचे काम करतात, त्यांना विचारा. ज्या प्रक्रियेत उष्णता बाहेर पडते, तिथे एक द्रव्य दुसऱ्यात एकदम ओतत नाहीत. भांड्याभोवतीचे गार पाणी जेवढी उष्णता वाहून नेईल, तेवढ्याच बेताने ते सोडतात. उत्पादनाचा वेग शेवटी उष्णता काढून नेण्याच्या वेगावर ठरतो. चिपेचेही तेच आहे.

किंबहुना संगणकाच्या साऱ्या धंद्यालाच हा धडा एकदा शिकावा लागला. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कळी लहान करत गेलो आणि त्याच बेताने विजेचा दाबही उतरवत गेलो, तर वेग वाढूनही तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हे गणित कारखानदारांच्या कामी आले. पुढे दाब आणखी उतरवणे अवघड झाले, वीज झिरपू लागली, आणि गणित फिसकटले. २००४ साली इंटेलने चार अब्ज ठोक्यांचा पेंटियम ४ काढण्याचा बेत रद्द केला. एकच बैल किती पळवणार? मग एका चिपेत दोन, चार, आठ ‘कोअर’, म्हणजे आटोपशीर वेगाचे अनेक बैल, जुंपण्याची रीत पडली. आज काही महागडे प्रोसेसर क्षणभर सहा अब्ज ठोक्यांपर्यंत जातातही, पण त्यांच्या उशाला मोठा पंखा किंवा पाण्याची नळी असावी लागते. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसवला, त्यात तर चिपांपर्यंत द्रव खेळवून उष्णता काढून घेण्याची योजना केली आहे. शाळेच्या खोलीत ही चैन कुठली?

वीज हाही आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती, आणि त्यातच महामारीमुळे शाळा बंद होत्या. अशा वेळी बॅटरी पुरवून वापरायची तर वेग बांधल्याने मदत होते, पण ती जड कामातच. नुसते वाचन किंवा लेखन चालले असेल तर प्रोसेसर आधीच निवांत असतो. तिथे पडद्याचा उजेड कमी करण्याने जास्त वीज वाचते. शाळेत एका इन्व्हर्टरवर दहा यंत्रे असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. दहाही जणांनी एकदम उसळी मारली की इन्व्हर्टर कोलमडतो. वेग बांधलेला असला तर सर्वांचा मिळून भार आटोक्यात राहतो.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीने कबूल केले की जुन्या आयफोनांचा वेग ती स्वतःच कमी करत होती. कारण खोटे नव्हते. जुनी बॅटरी उसळीपुरती वीज देऊ शकत नाही आणि फोन एकाएकी बंद पडतो, ते टाळण्यासाठी हा उपाय होता. पण मालकाला नीट सांगितले नव्हते. फोन मंदावला, म्हणून लोकांनी नवे फोन घेतले. खरे तर बॅटरी बदलून भागले असते. पुढे कंपनीला माफी मागावी लागली, बॅटरीची किंमत उतरवावी लागली, आणि हा अंकुश काढून टाकण्याची सोय २०१८ साली फोनमध्येच द्यावी लागली. फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला तो वेगळाच. उपाय तोच, पण रेल्वे आपले पावसाळी वेळापत्रक आधी छापते आणि प्रवासी त्या बेताने निघतो. यंत्र माझे, तर त्याची वेसण कोणी ओढली आहे, हे मला कळलेच पाहिजे.

म्हणून शाळेच्या संगणकांवर वेग बांधलात, तर तसे लिहून ठेवा. आम्ही आमच्या संगणकाच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. कोणत्या यंत्राला किती टक्के, कोणत्या तारखेपासून, आणि कोणी केले. होळी झाली की आकडा नव्व्याण्णववर आणतो आणि त्याच दिवशी पंखे झाडतो. पाऊस स्थिरावून खोली गार झाली की परत शंभर. मागच्या जूनमध्ये हे काम मी एका विद्यार्थ्यावर सोपवले. तो रोह्याहून रोज पॅसेंजरने येतो. कागदावर तारीख लिहिता लिहिता हसून म्हणाला, “सर, तिकडे आता गाड्या हळू होणार, आणि आपण इथे वेग वाढवतोय.”